गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची वाट नांदेडवरून जायची

सुरतेहून गोवळकोंड्याला हिरे घ्यायला जाण्याची एक वाट नांदेडला गोदावरी ओलांडत असे. ज्याँ-बाप्तिस्त टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने या वाटेवरचे मुक्काम, दोन मुक्कामांमधले कोस आणि जागोजागी मोजावे लागणारे पैसे लिहून ठेवले आहेत. जानेवारी 1645 मध्ये सुरत सोडून तो नवापूर, दौलताबाद, औरंगाबाद करत नांदेडला आला आणि पुढे गोवळकोंड्याला पोहोचला. 324 कोसांची ही वाट त्याने 27 दिवसांत कापली. जगातल्या सर्वांत मोलाच्या खड्यांचा व्यापार त्या काळी कसा चालायचा, हे नांदेड-लातूरच्या वाचकाला या वाटेवरून फार नीट समजते.

तोपर्यंत युरोपने दंतकथांमागे पुष्कळ माणसे धाडली होती. 1540 साली फ्रान्सिस्को वास्केस दे कोरोनादो हा स्पॅनिश सरदार मेक्सिकोतून ‘सोन्याची सात शहरे’ शोधायला उत्तरेकडे निघाला. त्याला मातीच्या घरांची साधी गावे दिसली, पुढच्या वर्षी गवताने शाकारलेल्या झोपड्या दिसल्या, आणि 1542 मध्ये तो रिकाम्या हाताने परतला. दख्खनच्या हिऱ्यांबद्दलही अशाच कथा होत्या. सापांनी भरलेल्या दरीत मांसाचे तुकडे फेकायचे, त्यांना चिकटलेले हिरे गरुड वर आणतात, ही गोष्ट मार्को पोलोने सांगितली आहे आणि सिंदबादच्या सफरीतही ती येते. पण कोरोनादोची शहरे कुठेच नव्हती, इथल्या खाणी मात्र खऱ्या होत्या. तिथे पोहोचायला लागायचा पैसा, परवाना, बैल आणि वाटेवरच्या माणसांचा विश्वास. खाणीकडे जाणे धोक्याचे आहे, तिथली माणसे रानटी आहेत, असे टॅव्हर्नियेलाही लोकांनी बजावले होते. स्वतः जाऊन आल्यावर त्यात काही तथ्य नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले.

आता वाट. तिचा बराच भाग पुरातन आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, असा हिशेब दिलेला आहे. गुजरातच्या किनाऱ्यावरून मराठवाड्यात यायचे आणि पुढे पूर्वेला वळायचे, ही रीत तेव्हापासूनची. सतराव्या शतकात तिचा तेलंगणाकडचा फाटा चालता राहिला तो राजकारणामुळे. मोगलांनी 1631 मध्ये कंधारचा किल्ला घेतला, 1636 मध्ये उदगीर आणि औसा घेतले. शहाजहानने दख्खनचे चार सुभे केले, त्यांतल्या तेलंगण सुभ्याचे ठाणे नांदेड आणि मुख्य किल्ला कंधार. म्हणजे टॅव्हर्निये आला तेव्हा सुरतेपासून नांदेडच्या पुढपर्यंत एकाच बादशहाचा अंमल होता आणि पुढे काही मुक्कामांवर गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीची हद्द लागत होती. आज उदगीरचा किल्ला म्हटले की आपल्याला 1760 ची लढाई आठवते, औसा म्हटले की तट आणि खंदक. हे किल्ले व्यापारी वाटांवरही नजर ठेवून होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

नांदेडला गंगा ओलांडताना (आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) दर गाडीमागे 4 रुपये भरावे लागत, शिवाय सुभेदाराचा लेखी परवाना घ्यावा लागे. परवान्याशिवाय पुढे सोडत नसत. पुढे परक्या राज्याची हद्द असल्याने मोगलांच्या मुलखातून कोण काय घेऊन बाहेर पडतो, याची नोंद इथे होत असणार. सरहद्दीवरच्या नाक्याचे काम नांदेड करत होते.

प्रवासाचे साधन बैल. श्रीमंत माणूस दोन बैलांच्या हलक्या छकड्यातून जाई आणि त्याचे भाडे दिवसाला साधारण एक रुपया असे. या बैलांच्या खुराकाचे टॅव्हर्नियेने केलेले वर्णन आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल: दुपारी गव्हाच्या पिठात तूप आणि गूळ मळून केलेले दोन-तीन गोळे, संध्याकाळी भरडून अर्धा तास भिजवलेले हरभरे. एवढ्यावर बैल महिना-दोन महिने रोज लांबचा पल्ला मारत. देवणी आणि लाल कंधारी या दोन्ही नामांकित जाती याच पट्ट्यातल्या. माळेगावच्या यात्रेत त्यांच्या जोड्या पाहिल्या की बैलाच्या बळावर सगळा व्यापार कसा चालला असेल, याचा अंदाज येतो.

सोबतीला हत्यारबंद शिपाई लागत. महत्त्वाचा माणूस वीस-तीस शिपाई घेऊन निघे. शिपायाला महिन्याला 4 रुपये, लांबचा प्रवास असेल तर 5, आणि त्यातच त्याचे खाणेपिणे. मालाची जबाबदारी त्यांच्या नाईकावर असे.

वाटेत कधी बंजाऱ्यांचे तांडे आडवे येत. दहा-बारा हजार बैल, पाठीवर धान्य, तांदूळ, डाळी किंवा मीठ. चिंचोळ्या वाटेवर असा तांडा भेटला तर तो पुढे सरकेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे. प्रत्येक जमात एकाच जिनसाची वाहतूक करते, बायकामुले बरोबर असतात, घर म्हणजे तंबू, हे टॅव्हर्नियेने बारकाईने टिपले आहे. किनवट, मुखेड, अहमदपूरकडच्या तांड्यांवर आजही जी आडनावे आणि बोली ऐकू येतात, त्यांच्यामागे हीच वाहतूक उभी आहे. हिऱ्याचा व्यापारी जवळ मूठभर खडे बाळगी, पण दुष्काळात आणि लढाईत मुलूख जगवायचा तो मिठाचा आणि धान्याचा बैल. मला या वाटेचे खरे धनी बंजारेच वाटतात.

गोवळकोंड्याहून खाणी आणखी पुढे होत्या. रावळकोंडा पाच दिवसांवर, कोल्लूर पूर्वेला सात दिवसांवर कृष्णेच्या काठी. कोल्लूरची खाण सापडली ती टॅव्हर्नियेच्या सांगण्यानुसार त्याच्या आधी सुमारे शंभर वर्षे, बी पेरायला जमीन उकरणाऱ्या एका गरिबाच्या हाती सुमारे 25 कॅरटचा खडा लागला तेव्हा. टॅव्हर्निये तिथे पोहोचला तेव्हा बायकामुलांसह साठ हजार माणसे राबत होती, असे तो लिहितो.

काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. आधी खणायची जागा ठरे. तिच्या शेजारी तेवढीच दुसरी जागा साफ करून भोवती दोन फूट उंचीची भिंत घालत. भिंतीच्या बुडाशी पाणी जायला भोके ठेवून ती बंद करून ठेवत. मग देवाची मूर्ती आणून पूजा होई, सगळ्यांच्या कपाळाला केशरी गंध आणि त्यावर तांदळाचे दाणे लावत, पानावर तूप-साखर घातलेला भात वाढत. मग काम सुरू. पुरुष खणत, बायका आणि मुले माती भिंतीच्या आत नेऊन टाकत. दहा-बारा, कधी चौदा फूट खाली गेले की पाणी लागे आणि खणणे थांबे. तेच पाणी उपसून मातीवर ओतत. एक-दोन दिवसांत तिची पातळ रबडी होई. मग भोके उघडत. गाळ वाहून जाई, वाळू राही. ती दोन-तीन वेळा धुवून उन्हात वाळवत आणि टोपल्यांतून उफणत, अगदी खळ्यावर ज्वारी उफणावी तशी. बारीक धूळ उडे, जाड कण खाली पडत. ढेकळे मोठ्या लाकडी मुसळांनी फोडत, पुन्हा उफणत, आणि शेवटी सगळी माणसे एका कडेला रांगेत बसून हाताने एकेक खडा निवडत.

रावळकोंड्याला खडकातल्या बोटभर रुंदीच्या भेगांतून वाकड्या टोकाच्या सळईने माती ओढून काढत आणि मग ती धूत. भेग मोकळी करायला मोठ्या पहारेचे घाव घालत, त्यात पुष्कळ हिऱ्यांना तडे जात.

आणि मजुरी? चांगल्या, जाणत्या कामगाराला वर्षाला 3 होन. होन हे सोन्याचे नाणे तेव्हा साडेतीन रुपयांच्या आसपास धरले तर वर्षाचे दहा-अकरा रुपये होतात. छकड्याचे दहा-अकरा दिवसांचे भाडे तेवढेच, आणि वाटेवरचा शिपाई तेवढे अडीच-तीन महिन्यांत मिळवी. मोठा खडा सापडून मालकाकडे दिला तर वर बक्षिसादाखल कापड आणि थोडे पैसे मिळत. पन्नास कामगारांवर बारा-पंधरा पहारेकरी ठेवत, तरी कोणी खडा गिळे, तर एकाने डोळ्याच्या कोपऱ्यात लपवला होता. या चोरीकडे बोट दाखवण्याआधी मजुरीचा आकडा पाहावा. ज्या मालाचे पैसे राजे मोजत होते, तो मातीतून काढणाऱ्या हातांना इतके कमी देणारी ही व्यवस्था अन्यायाची होती, असे माझे स्वच्छ मत आहे.

खरेदीची पद्धत मात्र शिस्तीची. ग्राहक राजाला शेकडा 2 दस्तुरी देई. गावातल्या मोठ्या झाडाखाली सकाळी व्यापाऱ्यांची दहा ते पंधरा-सोळा वर्षांची मुले बसत. एका बाजूला हिऱ्याची वजने, दुसऱ्या बाजूला पाच-सहाशे होनांपर्यंतची थैली. कोणी खडा आणला की तो सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती जाई. तो पाहून पुढे देई, सगळ्यांच्या हातांतून फिरून खडा परत येई, मगच भाव ठरे. संध्याकाळी दिवसभरातला माल निवडून मोठ्या व्यापाऱ्यांना विकत, नफा वाटून घेत आणि म्होरक्याला जरा जास्त वाटा देत.

मोठे सौदे बिनबोलाचे. दोघे समोरासमोर मांडी घालून बसत, एकजण कंबरेचा शेला सोडून दोघांच्या उजव्या हातांवर टाकी. पूर्ण हात दाबला म्हणजे हजार, पाच बोटे म्हणजे पाचशे, एक बोट शंभर, बोटाच्या मधल्या पेरापर्यंत धरले तर पन्नास, नुसते टोक धरले तर दहा. शेजारी पन्नास माणसे बसलेली असली तरी भाव कोणाला कळत नसे. रुमालाखाली बोटे धरून जनावरांचा सौदा करणारे आपल्याकडचे जुने लोक ही भाषा वाचताच ओळखतील. खडा पाहायचा तो रात्री: भिंतीत फूटभर लांबी-रुंदीचा कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा, आणि दोन बोटांत धरलेला हिरा. पाणी, म्हणजे खड्याची स्वच्छता, या उजेडात जोखत.

टॅव्हर्निये 1668 मध्ये फ्रान्सला परतला आणि पुढच्या वर्षी चौदाव्या लुईला त्याने हजाराहून अधिक हिरे विकले. त्यांत एक मोठा निळा होता, तो कोल्लूरचा असावा असे मानतात. तो पुन्हा कापला गेला, 1792 मध्ये चोरीला गेला, आणि त्याचाच उरलेला 45.52 कॅरटचा ‘होप’ हिरा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कोल्लूरची जागा पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेली आहे. स्वतः टॅव्हर्निये म्हातारपणी पुन्हा प्रवासाला निघाला आणि 1689 मध्ये मॉस्कोत वारला.

त्याच्या पुस्तकातल्या नांदेडच्या आधीच्या आणि पुढच्या मुक्कामांची नावे फ्रेंच कानाने ऐकलेली आहेत: लेसोना, पटोंटा, काकेरी, सातापूर. व्हॅलेंटाइन बॉल यांनी 1889 मध्ये पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद करताना नकाशे समोर ठेवून त्यांचा माग काढला. हे काम आता इथल्या लोकांनी पुढे न्यायला हवे. लोहा, नायगाव, बिलोली, देगलूरकडच्या जाणत्या माणसांना जुन्या गाडीवाटा, बारवा आणि नदीचे उतार ठाऊक आहेत. नांदेडच्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती यादी हातात घेऊन त्यांच्याशी बोलावे आणि ती माणसे हयात आहेत तोवर गावांची नावे लिहून घ्यावीत.