दोन मार्कांचं उत्तर

प्रश्न एका ओळीचा असतो. ‘तांबड्या रक्तपेशी शुद्ध पाण्यात ठेवल्या तर काय होईल? कारण द्या.’ गुण दोन. बहुतेक वह्यांमध्ये उत्तर येतं ते असं: ‘पेशी फुटतात, कारण परासरण होतं.’ फुटतात हे बरोबर, त्याचा एक गुण पदरात पडतो. पुढे मात्र प्रक्रियेचं फक्त नाव आलं. परासरण कांद्याच्या पेशीतही होतं, पण कांद्याची पेशी शुद्ध पाण्यात फुटत नाही. मग रक्तपेशीच का फुटली?

एवढं विचारलं की वर्ग गप्प होतो, आणि माझं खरं काम तिथून सुरू होतं. पेशीच्या आत क्षार आहेत, हिमोग्लोबिन आहे. बाहेरच्या पाण्यात काहीच विरघळलेलं नाही. मधलं प्रद्रव्यपटल पाण्याला जाऊ देतं, क्षारांना सहजासहजी जाऊ देत नाही. म्हणून पाणी आत येत राहतं आणि पेशी फुगते. प्राण्यांच्या पेशीला पटलाबाहेर भित्तिका नसते, त्यामुळे आतून वाढणारा दाब अडवायला काही उरत नाही. पटल जेमतेम ताणलं जातं आणि फाटतं. यातला भित्तिकेचा मुद्दा सर्वांत जास्त वेळा सुटतो, आणि दुसरा गुण नेमका तिथेच असतो. दवाखान्यात लावतात ते सलाईन ०.९ टक्के मिठाचं का, शिरेतून नुसतं पाणी का देत नाहीत, हे ज्याला सांगता येतं त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आधीपासून असतं. ते फक्त कागदावर आलेलं नसतं.

मी बारामतीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलं बारामतीची असतात, तशीच इंदापूर रस्त्यावरचीही: काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली ही मुलं सायन्स घेतात आणि जूनमध्ये सगळी पुस्तकं एकदम इंग्रजी होतात. वाक्य बांधायची भीती वाटते, म्हणून ती गाईडमधलं वाक्य आहे तसं पाठ करतात. पाठ केलेल्या वाक्यात नामं राहतात; ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘नसल्याने’ हे गळून जातं. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. वही मिटायची, उत्तर आधी मराठीतून तोंडी सांगायचं, मग इंग्रजीत लिहायचं. तोंडी सांगताना दुवा तुटला की सांगणारा आपणच अडखळतो. लिहिताना तो तसाच पुढे निघून जातो.

बोर्डाची लेखी परीक्षा ७० गुणांची, प्रात्यक्षिक ३० गुणांचं. लेखीमधले दोन आणि तीन गुणांचे प्रश्न मिळून ४० गुण होतात, म्हणजे निम्म्याहून जास्त पेपर छोट्या उत्तरांचा. तरीही सराव होतो तो ‘नीट’चा, चारातला एक पर्याय निवडण्याचा. नीटला ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, तेव्हा मुलं आणि पालक तिकडे धावतात यात त्यांचा काही दोष नाही. पण पर्याय समोर दिसला की ओळखता येतो. कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य कुठून सुरू करायचं हे त्यातून कळत नाही. पेशी काय करते हे शिकायचं असेल तर लिहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. दोन मार्कांच्या उत्तरात लपायला जागा नसते. दीर्घोत्तरी प्रश्नात आकृती काढून, दहा ओळी इकडच्या-तिकडच्या लिहून वेळ मारून नेता येते, इथे ते जमत नाही.

सर्वांत चिवट चूक संहतीची. ‘पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं’, हे वाक्य दर वर्षी येतं. संहती कशाची? पाण्याची म्हणत असाल तर ठीक, पण पुस्तकात संहती बहुधा विद्राव्याची, म्हणजे मिठाची किंवा साखरेची, दिलेली असते आणि मग वाक्य नेमकं उलटं होतं. मी मुलांना सांगते, प्रत्येक वेळी कशाची ते लिहा. एक शब्द जास्त लागेल, लागू दे.

हे पक्कं होतं ते प्रात्यक्षिकात. बारावीला ऱ्हिओच्या पानाचा प्रयोग असतो. पानाची खालची बाजू जांभळी असते. तिथला पापुद्रा ओढून काढायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. पेशीभर जांभळा रंग पसरलेला दिसतो. मग पाण्याऐवजी मिठाचं तीव्र द्रावण घालायचं. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटू लागतो, आधी कोपऱ्यांतून आणि मग सगळीकडून, आणि शेवटी मधोमध गोळा होऊन बसतो. भित्तिका जागच्या जागी असते. याला रससंकोच म्हणतात. फार वेळ झालेला नसेल आणि पुन्हा शुद्ध पाणी घातलं तर रंग परत पसरतो, म्हणजे पेशी जिवंत होती.

इथे मी एक प्रश्न विचारते. भित्तिका आणि सुटलेलं पटल यांच्यामध्ये जी जागा झाली, त्यात काय आहे? मुलं म्हणतात, हवा. कुणी म्हणतं, काहीच नाही, पोकळी. क्वचित कुणी म्हणतं, पेशीतून बाहेर आलेलं पाणी. उत्तर आहे बाहेरचं मिठाचं द्रावण, कारण भित्तिका पाणी आणि मीठ दोघांनाही जाऊ देते. निवड करतं ते आतलं पटल. एका गुणाचा हा प्रश्न ज्याला सुटला त्याला भित्तिका आणि पटल यांच्यातला फरक पुन्हा पाठ करावा लागत नाही. मला तर तो अख्ख्या धड्यातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

पुढचा प्रश्न पुस्तकातला नाही, या भागातला आहे. ‘रानात ओल असूनही पीक कोमेजतं, असं का?’ नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात वाहू लागला आणि या दुष्काळी पट्ट्यात ऊस आला. त्याबरोबर काळ्या, निचरा न होणाऱ्या रानांत पाणी साचू लागलं. भूजल वर आलं, वरचं पाणी उन्हाने उडालं आणि क्षार मागे राहिले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या अशा जमिनींवर १९१० मध्येच पुस्तिका काढली होती. आज माळेगाव खुर्दला २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ आणि क्षार यांना पिकं कशी तोंड देतात याचाच अभ्यास करते. कालव्याच्या कडेला घर असलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही. ‘रानाला मीठ फुटलंय’ हे वाक्य ती लहानपणापासून ऐकतात. उन्हाळ्यात बांधाच्या कडेने जमिनीवर पांढरा थर आलेला त्यांनी पाहिलेला असतो.

तरी हा प्रश्न दिला की पहिलं उत्तर येतं, ‘क्षारांमुळे पिकाला त्रास होतो.’ सणसरकडच्या एका मुलाने असंच लिहिलं होतं. त्याला म्हटलं, ऱ्हिओच्या पापुद्र्याला काय झालं ते आठव आणि पानाच्या जागी मूळ ठेव. त्याने थोडा विचार केला आणि सांगायला लागला: मातीतल्या पाण्यात क्षार वाढले, त्यामुळे बाहेरच्या पाण्याचं विभव मुळाच्या केसांतल्या विभवापेक्षा खाली गेलं, म्हणून पाणी आत यायचं थांबलं, फारच झालं तर उलट बाहेर जायला लागलं. पानातून बाष्प जातच राहिलं, भरपाई झाली नाही, पेशींचा ताठरपणा गेला. मग तो स्वतःहूनच म्हणाला, ‘मॅडम, युरिया जास्त पडला की रोप करपतं तेही हेच ना?’ हो, तेही हेच. तीन गुणांच्या प्रश्नाला लागणारं सगळं त्यात आलं. फक्त एक भर घालायची राहिली होती: सोडियम आत गेलं तर ते स्वतःही पेशीतल्या विकरांच्या कामात अडथळा आणतो, म्हणजे क्षारांचा मार दुहेरी असतो.

या मुलांना कारण माहीत असतं, पण ते पेपरात लिहायचं असतं असं त्यांना वाटत नाही. पेपरात पुस्तकातलं लिहायचं, रानातलं नाही, असा त्यांचा समज असतो. तो काढायला वेळ लागतो.

दुसरी अडचण वेगळ्या जातीची आहे. ‘सोडियम-पोटॅशियम पंप कसा काम करतो?’ उत्तर येतं, ‘पेशीला पोटॅशियम हवं असतं म्हणून ती ते आत घेते आणि नको असलेलं सोडियम बाहेर टाकते.’ वाचायला छान वाटतं. पण पेशीला हवं-नको वाटत नाही. कशासाठी हे सांगितलं, कशामुळे हे राहूनच गेलं. मी पायऱ्या काढायला लावते. आतल्या बाजूने तीन सोडियम प्रथिनाला चिकटतात. एटीपीचा एक फॉस्फेट प्रथिनावर बसतो. प्रथिनाचा आकार बदलतो, त्याचं तोंड बाहेर उघडतं, सोडियमची पकड सुटते. बाहेरून दोन पोटॅशियम येऊन बसतात, फॉस्फेट निघतो, आकार पूर्ववत होतो आणि पोटॅशियम आत सुटतात. यात इच्छा कुठेच नाही. येन्स स्काऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करताना हे विकर दाखवलं, आणि १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. चाळीस वर्षांनी, हे ऐकून मुलं चकित होतात.

पायऱ्या आल्या की ‘काय होईल’ प्रकारचे प्रश्न सोपे होतात. सायनाइडने श्वसन थांबवलं तर? एटीपी बनणं थांबलं, पंप बंद पडला, सोडियम आत साठलं, त्याच्यामागे पाणी आलं, पेशी फुगली. एक सापळा मात्र इथे आहे. चेतापेशीच्या आतलं सुमारे उणे ७० मिलिव्होल्टचं विराम विभव थेट पंपच तयार करतो, असं पुष्कळ मुलं लिहितात. पंप एका फेरीत तीन धन प्रभार बाहेर आणि दोन आत नेतो, त्याचा थोडा वाटा असतो. मोठा वाटा पोटॅशियमच्या गळतीचा: पंपाने आत साठवलेलं पोटॅशियम उघड्या मार्गिकांतून बाहेर झिरपतं आणि आतली बाजू ऋण होते. पंप साठा करतो, गळती विभव घडवते. हे एवढं लिहिणारं मूल दिसलं की माझी पेन्सिल तिथे थांबते.

आणि मग दूध. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत घरटी नाही तरी वस्तीटी संकरित गाई आहेत. ‘रक्तातलं कॅल्शियम कमी झालं तर स्नायूंवर काय परिणाम होतो?’ या प्रश्नाला पुस्तकाचं उत्तर धनुर्वातासारखे आकडे, म्हणजे टेटनी. परावटू ग्रंथीच्या धड्यात ते आहेच. पण अंथुर्ण्याकडची एक मुलगी वही पुढे करून म्हणाली, ‘मॅडम, आमची गाय व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. मान पोटाकडे वळवून पडून होती. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम कमी झालंय. तिला आकडे नव्हते, ती ढिली पडली होती. मग पुस्तक चूक आहे का?’

पुस्तक चूक नाही, आणि तिने पाहिलेलंही चूक नाही. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर चिकातून आणि दुधातून कॅल्शियम इतक्या वेगाने जातं की हाडांतून आणि आतड्यातून तेवढं येऊ शकत नाही. पेशीबाहेरचं कॅल्शियम घटलं की दोन गोष्टी होतात. एक, चेतातंतूतल्या सोडियम मार्गिका सहज उघडू लागतात, चेता उगाच उत्तेजित होते. त्यातून आकडे येतात. दुसरी, चेतेच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरल्याशिवाय ॲसिटिलकोलिनच्या पुटिका रिकाम्या होत नाहीत. तिथे कॅल्शियम अपुरं पडलं की संदेश स्नायूपर्यंत पोचत नाही. माणसात पहिली गोष्ट वरचढ ठरते, गाईत दुसरी. गाईलाही अगदी सुरुवातीला थोडा वेळ थरथर आणि बेचैनी असते, पण ती रात्री गोठ्यात होऊन जाते आणि सकाळी दिसते ती बसलेली गाय. स्नायूत कॅल्शियमच उरत नाही म्हणून तो आखडत नाही, असं लिहिलं तर ते अर्धवट होईल: हाडांना जोडलेल्या स्नायूला लागणारं कॅल्शियम त्याच्या आतल्या साठ्यातूनच येतं. अडतं ते संदेशाच्या जागी. रवंथाच्या पोटाच्या स्नायूंचं काम मात्र बाहेरच्या कॅल्शियमवर बरंच अवलंबून असतं, म्हणून रवंथही थांबतो.

तिने पेपरासाठी पुस्तकातलंच उत्तर लिहायचं ठरवलं, आणि मीही तेच सांगितलं, कारण प्रश्न माणसाच्या ग्रंथीच्या धड्यातला आहे. पण वहीत तिने दोन रकाने केले, माणूस आणि गाय, आणि दोन्हींत बाण काढत गेली. खाली आणखी एक प्रश्न लिहिला: डॉक्टर कॅल्शियमची बाटली इतकी हळू का लावतात, आणि मध्येमध्ये छातीला नळी लावून का ऐकतात? हा तिला स्वतःलाच सोडवता आला. हृदयाच्या स्नायूपेशींत प्रत्येक ठोक्याला बाहेरून कॅल्शियम आत येतं, म्हणून रक्तात ते एकदम वाढलं तर ठोके बिघडतात आणि हृदय थांबूही शकतं. चार ओळींत लिहिलं तिने, दोन ‘म्हणून’ आणि एक ‘त्यामुळे’ घालून. मग विचारलं, सलाईनमधून पोटॅशियम देतानाही अशीच काळजी घेतात का. घेतात. त्याचं कारण विराम विभवाच्या पानावर आहे, ते उद्यासाठी ठेवलं.