तेल, जवस आणि प्रोस्टेटचा कर्करोग: खाण्यातल्या चरबीने गाठ वाढते का?

“डॉक्टर, आता घरातले तेल बदलायचे का?”

प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर पहिल्या दोन-तीन भेटींत हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा तो रुग्ण विचारत नाही, त्याची पत्नी किंवा सून विचारते. प्रश्नामागे एक बोचणी असते. इतकी वर्षे आपण जे तळून-परतून खाऊ घातले, त्यानेच हे झाले का? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: “रोज जवस खाल्ले की गाठ विरघळते असे मोबाईलवर आले आहे, खरे आहे का?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे नीट समजली, तर मनावरचे ओझे उतरते आणि उपचारात होणाऱ्या काही चुकाही टळतात.

आधी थोडक्यात उत्तर

कोणत्याही एका तेलामुळे प्रोस्टेटचा कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. कोणतेही तेल किंवा बी खाऊन तो बरा होतो असेही सिद्ध झालेले नाही. जवस आणि माशाचे तेल यांचा गाठीतल्या पेशींवर काही परिणाम होत असावा, असे लहान अभ्यासांत दिसले आहे. पण त्यामुळे रुग्ण जास्त जगतो किंवा त्याची शस्त्रक्रिया, रेडिएशन, इंजेक्शन टळते, असे कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही. त्यामुळे आहार सुधारा, पण तो उपचारांच्या जोडीला असू द्या.

तेलाचा आणि प्रोस्टेटचा संबंध का जोडतात?

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी, अक्रोडाएवढी ग्रंथी. तिची वाढ मुख्यतः टेस्टोस्टेरॉन या पुरुष हार्मोनवर चालते. म्हणूनच आजार पसरलेला असेल, तर हे हार्मोन कमी करणारी इंजेक्शने देतात.

चरबीचा संबंध दुसऱ्या वाटेने येतो. आपल्या तेलांत ओमेगा-६ आणि ओमेगा-३ अशी दोन प्रकारची स्निग्धाम्ले असतात. दोन्ही शरीराला लागतात आणि दोन्ही शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ओमेगा-६ पासून शरीर असे काही पदार्थ बनवते जे दाह वाढवू शकतात. ओमेगा-३ पासून बनणारे पदार्थ तुलनेने सौम्य असतात. प्रयोगशाळेत उंदरांना ओमेगा-६ भरपूर दिले तेव्हा प्रोस्टेटच्या गाठी लवकर वाढल्या, ओमेगा-३ दिले तेव्हा सावकाश वाढल्या.

इथेच पुष्कळ बातम्या थांबतात आणि “करडई-सूर्यफुलाचे तेल घातक” असा मथळा तयार होतो. पण उंदराला दिलेला खुराक म्हणजे आपले ताट नव्हे. माणसाच्या शरीरात ओमेगा-६ चा फार थोडा भाग दाह वाढवणाऱ्या पदार्थांपर्यंत पोहोचतो. म्हणून माणसांवर काय दिसले, तेच पाहायला हवे.

जवस: काय दिसले आणि काय नाही

जवस किंवा अळशी आपल्याला नवी नाही. विदर्भात तर जवसाची चटणी रोजच्या जेवणातली. या बियांमध्ये तीन गोष्टी विशेष आहेत: वनस्पतिजन्य ओमेगा-३, भरपूर तंतू आणि ‘लिग्नान’ नावाचे पदार्थ. आतड्यातले जिवाणू लिग्नानचे रूपांतर हार्मोनसारखे सौम्य काम करणाऱ्या पदार्थांत करतात.

२००८ मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रोस्टेट काढण्याच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणारे १६१ पुरुष त्यात होते. काहींना सुमारे महिनाभर रोज ३० ग्रॅम जवसाची पूड दिली, काहींना कमी चरबीचा आहार, काहींना दोन्ही, तर काहींच्या खाण्यात बदल केला नाही. शस्त्रक्रियेनंतर गाठ तपासली, तेव्हा जवस घेणाऱ्यांच्या गाठीत पेशींचे विभाजन कमी वेगाने होताना दिसले. नुसती चरबी कमी करणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही.

ही आशा वाटावी अशी गोष्ट आहे. पण दुसरी बाजूही ऐका. पीएसएमध्ये गटागटांत फरक पडला नाही. अभ्यास महिनाभराचा होता. आजार परत येणे, पसरणे किंवा मृत्यू यांवर जवसाचा काय परिणाम होतो, हे त्यात तपासलेलेच नव्हते. “पेशी थोड्या सावकाश वाढल्या” आणि “गाठ विरघळली” यांत फार अंतर आहे.

आणखी एक: तो अभ्यास जवसाच्या पुडीचा होता, तेलाचा नाही. तेलात तंतू राहत नाहीत आणि लिग्नानही जवळजवळ नसतात. त्यामुळे जवसाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल घेऊन त्या अभ्यासातला परिणाम मिळेल असे समजू नका.

माशाचे तेल: उलटसुलट बातम्या

२०१३ मध्ये बातमी आली की रक्तात ओमेगा-३ जास्त असलेल्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग जास्त आढळला. अनेकांनी धसक्याने मासे बंद केले. पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे म्हणता येत नाही.

त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. २५,८७१ स्त्री-पुरुषांपैकी काहींना रोज एक ग्रॅम माशाच्या तेलाची कॅप्सूल, तर काहींना तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल दिली होती. कॅप्सूलने कर्करोग टळला नाही, आणि प्रोस्टेटचा कर्करोग वाढलाही नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचा आजार कमी किंवा मध्यमातल्या सौम्य धोक्याचा होता आणि लगेच उपचार न करता ते नियमित देखरेखीखाली होते. अर्ध्या रुग्णांनी वर्षभर ओमेगा-६ कमी, ओमेगा-३ जास्त असा आहार आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतल्या. तळलेले पदार्थ, चिप्स, बिस्किटे कमी केली. त्यांच्या गाठीत पेशी-विभाजनाचा निर्देशांक सुमारे १५ टक्क्यांनी घटला. बाकीच्यांत तो सुमारे २४ टक्क्यांनी वाढला. मात्र बायोप्सीतल्या ग्लीसन श्रेणीत, म्हणजे आजाराच्या तीव्रतेत, दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

याचा अर्थ, मासे खात असाल तर बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आठवड्यातून दोनदा कालवणात किंवा थोड्या तेलात भाजून जरूर खा. कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. जास्त मात्रेत त्यांनी हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

“नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना?”

याचे उत्तर एका मोठ्या चाचणीने दिले आहे. जीवनसत्त्व ई तेलबियांत भरपूर असते, म्हणून त्याच्या गोळीने प्रोस्टेटचा कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती. २००१ मध्ये ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी सुरू झाली. २०११ मध्ये कळले की जीवनसत्त्व ई ची गोळी घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी *जास्त* झाला होता. मूठभर शेंगदाणे आणि त्यातला एक घटक काढून रोज मोठ्या मात्रेत घेतलेली गोळी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग घरात तेल कोणते वापरावे?

निदान झाले म्हणून शेंगदाणा किंवा करडई तेलाचा डबा फेकायची गरज नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ४,५७७ अमेरिकी रुग्णांचा अनेक वर्षे मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१३ मध्ये आला. ज्यांनी पिष्टमय पदार्थांतून येणाऱ्या कॅलरींपैकी काही वाटा वनस्पतिजन्य तेल आणि सुक्यामेव्याकडे वळवला होता, त्यांच्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी दिसले. हाही निरीक्षणाचाच अभ्यास आहे, पण वनस्पती तेल विष आहे या समजाच्या तो बरोबर उलट आहे.

रोजच्यासाठी हे पुरेसे आहे:

- शेंगदाणा, तीळ, मोहरी, करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांपैकी जे परवडते आणि घरात रुचते ते वापरा. आलटून-पालटून वापरले तर उत्तम. मोहरी आणि सोयाबीन तेलात थोडे ओमेगा-३ ही असते.
- लाकडी घाण्याचे तेल चवीला छान असते, पण ते कर्करोगाचे औषध नाही. कॅलरी तेवढ्याच.
- मोजून वापरा. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुष्कळ झाले. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात.
- वनस्पती तूप, बेकरीतली खारी-नानखटाई, आणि तळणीचे तेच तेल पुन्हा-पुन्हा तापवणे टाळा. खोबरेल आणि साजूक तूप बेताने.

वजनाकडे लक्ष द्यायला सांगतो त्याला कारण आहे. लठ्ठपणाचा संबंध पुढच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कर्करोगाशी आहे. शिवाय हार्मोन कमी करणाऱ्या इंजेक्शनांनी पोटाची चरबी आणि साखर वाढते, स्नायू आणि हाडे कमजोर होतात. प्रोस्टेटच्या अनेक रुग्णांचा मृत्यू कर्करोगापेक्षा हृदयविकाराने होतो. हृदयाला जे चांगले, ते बहुतेक वेळा तुमच्याही भल्याचे.

इतर बिया

भोपळ्याच्या बिया “प्रोस्टेटसाठी” म्हणून विकल्या जातात. त्यांचे जे काही अभ्यास झाले, ते वयोमानाने वाढणाऱ्या साध्या प्रोस्टेटमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासाचे आहेत. तो कर्करोग नव्हे. तीळ, कारळे, सूर्यफुलाच्या बिया पौष्टिक आहेत. चटणीत, कोशिंबिरीत जरूर घ्या. फक्त पाव किलो गूळ घालून केलेला बियांचा लाडू “औषध” म्हणून रोज दोन खाऊ नका.

उपचार चालू असताना ही काळजी घ्या

*अबिराटेरोन गोळी.* हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा. ही गोळी साधारणपणे रिकाम्या पोटी घ्यायची असते: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही. तेलकट-तुपकट जेवणासोबत घेतली तर ती रक्तात कित्येक पटींनी जास्त शोषली जाते आणि दुष्परिणाम वाढू शकतात. काही डॉक्टर मुद्दाम कमी मात्रेची गोळी कमी चरबीच्या नाश्त्यासोबत देतात. तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते विचारून घ्या आणि तसेच रोज करा. कधी उपाशीपोटी, कधी जेवणावर, असे करू नका.

*जवस.* दिवसाला एक ते दोन मोठे चमचे, भाजून पूड करून, भरपूर पाण्यासोबत. अख्खे बी बरेचदा न पचताच बाहेर पडते. जवसाच्या तंतूंमुळे औषधे नीट शोषली जात नाहीत, म्हणून गोळ्या आणि जवस यांत दोन तासांचे अंतर ठेवा. ओटीपोटाचे रेडिएशन चालू असून जुलाब होत असतील तर जवस तात्पुरते थांबवा.

*शस्त्रक्रियेआधी.* माशाच्या तेलाच्या किंवा इतर कोणत्याही पूरक गोळ्या घेत असाल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञांना सांगा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर जास्तच.

*बिनलेबलच्या पुड्या.* अमेरिकेत ‘पीसी-स्पेस’ नावाचे वनौषधींचे मिश्रण प्रोस्टेटसाठी विकले जात होते. त्याने पीएसए खरोखर उतरायचा. तपासणीत त्यात रक्त पातळ करणारे औषध आणि कृत्रिम स्त्री-हार्मोन सापडले, आणि २००२ मध्ये ते बाजारातून काढले गेले. पुडीने गुण आला, तरी पुडीत काय आहे हे विचारायलाच हवे.

पीएसएवरून जवसाची परीक्षा घेऊ नका

पीएसए संसर्गाने, लघवीच्या नळीने, अगदी वीर्यस्खलनानेही थोडा वर-खाली होतो. तो ६.२ वरून ५.८ झाला म्हणून “जवस लागू पडले” असे नसते, आणि ६.५ झाला म्हणून घरात कोणाचा हात सैल सुटला असेही नसते. “तीन महिने बिया खाऊन बघतो, मग इंजेक्शनचे ठरवू” असे म्हणणारे रुग्ण आम्हाला भेटतात. आजार कमी धोक्याचा असेल, तर थांबून देखरेख ठेवणे हा एक मान्य मार्ग आहे. पण तो डॉक्टरांनी ठरवायचा आणि ठरल्या वेळी पीएसए, एमआरआय, बायोप्सी करून पाळायचा. आजार हाडांत पोहोचला असेल, तर ते तीन महिने परत मिळत नाहीत.

पुढच्या भेटीत हे विचारा

1. माझा आजार कमी, मध्यम की जास्त धोक्याचा आहे?
2. माझी गोळी उपाशीपोटी घ्यायची की खाऊन?
3. मी घेत असलेल्या पूरक गोळ्या, काढे, पुड्या यांतले काय बंद करू? (सगळे सोबत पिशवीत घेऊन जा.)
4. माझे वजन, साखर, हाडांची घनता कशी आहे?

आणि शेवटचे, घरातल्या माउलीसाठी. तुमच्या फोडणीने हा आजार झालेला नाही. वय, घराण्यातला इतिहास आणि जनुके यांचा त्यात मोठा वाटा आहे. तुम्ही आता जे करू शकता ते साधे आहे: तेल थोडे कमी, भाजी थोडी जास्त, जेवणानंतर दोघांनी मिळून अर्धा तास चालणे, आणि गोळीची वेळ न चुकवणे. ताटात जवसाची चटणी असू द्या, कारण ती चविष्ट आणि पौष्टिक आहे. औषधाचे काम औषधाला करू द्या.