शिकायला सोपा, सोडायला अवघड

नियम समजायला शिकवणी लागत नाही, पाच मिनिटांची सवड मिळाली तरी एक डाव होतो आणि मध्येच बंद केला तरी काही बिघडत नाही, अशा व्हिडिओ गेमला ‘कॅज्युअल गेम’ म्हणतात. नोकियाच्या फोनवरचा साप, विंडोजमधला सॉलिटेअर, टेंपल रन, कँडी क्रश, लुडो किंग हे सगळे याच कुळातले. त्यांना कथा नसते, असली तरी नावापुरती. तरीही सर्व वयांची माणसे त्यांत रमतात. हे रमणे कशातून येते ते टेट्रिसमध्ये सर्वांत स्वच्छ दिसते.

मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 1984 मध्ये हा खेळ तयार केला. त्यांच्या इलेक्ट्रोनिका 60 या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती, त्यामुळे तुकडे कंसांच्या चिन्हांनी दाखवावे लागले. चार चौकोन कडेला कड लावून जोडले की एकूण सात आकार तयार होतात. ते वरून एकेक करून खाली येतात. फिरवून नीट रचायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. नियम इथे संपले. 1989 मध्ये निन्तेंदो कंपनीने गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासोबत अमेरिकेत हा खेळ दिला आणि तो घरोघरी पोहोचला.

इतक्या थोड्या नियमांत खेळाचे सगळे मर्म आले आहे. काय करायचे ते एका नजरेत कळते. केलेल्या कृतीचे फळ त्याच क्षणी दिसते: ओळ जमली तर जागा मोकळी होते, चुकली तर भोक राहते, आणि ते भोक पुढचा सगळा वेळ डोळ्यांसमोर असते. पडद्यावरचा पसारा खेळणाऱ्याने स्वतः मांडलेला असतो, म्हणून तो आवरण्याची ओढही त्याचीच असते. हात सरावतो तसा तुकड्यांचा वेग वाढतो. आव्हान कौशल्याच्या किंचित पुढे राहिले की माणूस कंटाळत नाही आणि धास्तावतही नाही. भान हरपून कामात बुडून जातो. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात या अवस्थेचा अभ्यास मांडला आणि तिला ‘फ्लो’ म्हटले.

विशेष म्हणजे मूळ टेट्रिसमध्ये जिंकणे नाही. जवळजवळ प्रत्येक डाव हरण्यानेच संपतो. निन्तेंदोच्या 1989च्या, टीव्हीवर खेळायच्या आवृत्तीत अमेरिकेतला एक 13 वर्षांचा मुलगा डिसेंबर 2023 मध्ये 157व्या पातळीपर्यंत गेला, तेव्हा खेळाच्या प्रोग्रामनेच मान टाकली. बाकी जवळजवळ सगळे हरतात आणि लगेच पुन्हा सुरुवात करतात, कारण आपण कुठे चुकलो हे त्यांना नेमके ठाऊक असते. हरणे पटले पाहिजे, ही चांगल्या खेळाची पहिली कसोटी होय.

त्यासाठी पडद्यामागे बरीच मेहनत असते. टेट्रिसच्या जुन्या आवृत्त्यांत लांब दांडी कधी कधी येतच नसे आणि खेळणारा नशिबाला बोल लावी. पुढे सातही आकार जणू एका पिशवीत घालून काढण्याची पद्धत आली: पिशवी रिकामी झाल्याशिवाय नवी भरत नाही, त्यामुळे दोन दांड्यांमध्ये बारांपेक्षा जास्त तुकडे येऊच शकत नाहीत. उड्या मारण्याच्या अनेक खेळांत पाय कड्यावरून सुटल्यावरही निमिषभर उडी मान्य होते. ही सवलत कोणाच्या लक्षात येत नाही. खेळ आपले ऐकतो, एवढे मात्र जाणवते.

नशिबावर चालणाऱ्या खेळात गोडी वेगळीकडून येते. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग 2016 मध्ये आला आणि 2020च्या टाळेबंदीत घराघरांत खेळला गेला. फाशापुढे कौशल्याचे फारसे चालत नाही. पण घराच्या तोंडाशी आलेली मामाची सोंगटी भाचीने मारली की जो कल्ला होतो, तो दुसऱ्या गावी बसलेल्या माणसांतही होतो. इथे आनंद समोरच्या माणसाचा आहे.

किंग कंपनीचा 2012चा कँडी क्रश मात्र जपून पाहावा लागतो. तीन गोळ्या जुळवल्या की वरच्या कोसळतात, आपोआप नव्या जुळण्या होतात, रंग आणि आवाजांची बरसात होते. हे सुख खरे आहे. पण एकाच चालीने हुकलेला डावही तिथे वारंवार येतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले, की असे थोडक्यात हुकणे खेळणाऱ्याला वैतागही देते आणि खेळत राहण्याची इच्छाही वाढवते. खेळात पाच ‘जीव’ मिळतात. ते संपले की एक परत मिळायला अर्धा तास लागतो, नाहीतर पैसे मोजावे लागतात. इथे आनंदाची जागा अधीरता घेते, आणि अधीरता विकणे ही खेळ रचण्याची कला नव्हे.

मर्यादा घालूनही खेळणाऱ्याचा मान राखता येतो. जॉश वॉर्डल यांनी 2021 मध्ये लोकांसमोर आणलेल्या वर्डल या शब्दखेळात पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. दिवसाला एकच शब्द मिळतो आणि तो जगभर सगळ्यांना सारखाच असतो, त्यामुळे त्यावर गप्पाही रंगतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जानेवारी 2022 मध्ये हा खेळ विकत घेतला, तरी त्यात दिवसाला एकच नवा शब्द देण्याचा नियम कायम ठेवला.