फुल रेंज, तरी नेट नाही: तक्रार एक, कारणं तीन

खिशातला रेडिओ : लेख सातवा

टॉवरवरून निघालेली लहर भिंती, झाडं आणि डोंगर ओलांडताना कशी क्षीण होते, ते मागच्या लेखात पाहिलं. आता प्रश्न असा, की आपल्या फोनपर्यंत शेवटी काय पोहोचलं हे ओळखायचं कसं? आपण पडद्याच्या कोपऱ्यातल्या कांड्या बघतो आणि निकाल देऊन टाकतो. कांड्या कमी असतील तर ‘इथे टॉवर पाहिजे’, कांड्या भरलेल्या असूनही नेट रखडलं तर ‘कंपनी फसवते’. दोन्ही निकाल घाईचे आहेत. नेट न चालण्यामागे निदान तीन अगदी वेगळी कारणं असू शकतात, तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी केला तर त्रास वाढतो. कोणतं कारण आहे हे कांड्यांवरून कळत नाही. मोजमाप केल्यावरच कळतं. ते मोजमाप करणारं सॉफ्टवेअर आज कोणाच्याही फोनवर चालू शकतं.

आधी कांड्यांचा हिशेब पाहू. किती सिग्नलला किती कांड्या, हे ठरवणारं बंधनकारक आंतरराष्ट्रीय मानक नाही. फोन बनवणारा आणि सेवा देणारी कंपनी ते आपापल्या सोयीनं ठरवतात. अँड्रॉइडच्या प्रणालीत तर एक कांडी वाढवून दाखवण्याची सोयच कंपन्यांसाठी ठेवलेली आहे. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१० सालचं. आयफोन ४ विशिष्ट तऱ्हेनं हातात धरला की रेंज जाते, अशी ओरड झाली. आनंदटेक या संकेतस्थळानं मोजून पाहिलं, तेव्हा फोन घट्ट मुठीत धरल्यावर सिग्नल सुमारे २४ डेसिबलनं पडत होता. त्याच वेळी हेही दिसलं, की उणे ५१ पासून उणे ९१ डीबीएमपर्यंत (आकडा जितका अधिक उणे, तितका सिग्नल क्षीण) सगळीकडे हा फोन पाचच कांड्या दाखवायचा. म्हणजे उणे ५५ वर असलेल्याची रेंज मुठीत उणे ७९ झाली तरी कांड्या पाचच्या पाच; पण उणे ९० वर असलेला माणूस पाच कांड्यांवरून थेट ‘नो सर्व्हिस’वर. हात तोच, घट तीच, पडद्यावरचं चित्र मात्र दोन टोकांचं. कांड्या मोजण्याचं सूत्रच चुकलं असून अनेकदा दोन कांड्या जास्त दिसतात, असं अॅपलनं जुलै २०१० मध्ये जाहीरपणे मान्य केलं आणि सूत्र बदललं.

मग मोजायचं काय? पहिला आकडा आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या ओळखखुणेच्या लहरींची फोनपर्यंत पोहोचलेली ताकद. ती डीबीएममध्ये मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट, आणि दर दहा डेसिबलला ताकद दहा पटींनी उतरते. उणे ८० आणि उणे ११० या आकड्यांत दिसायला तीसचाच फरक. प्रत्यक्षात दुसरा सिग्नल पहिल्याच्या हजाराव्या भागाइतका असतो. फोर-जीमध्ये उणे ९० च्या वर असेल तर चांगलं, उणे ११० च्या खाली गेलं की ओढाताण सुरू होते आणि उणे १२० ला निभावणं कठीण. पण ताकद ही अर्धीच गोष्ट. दुसरा आकडा एसआयएनआर. आपल्याला हवा असलेला सिग्नल, शेजारच्या टॉवरांचा हस्तक्षेप आणि गोंगाट यांच्या तुलनेत किती वरचढ आहे, हे तो सांगतो. लग्नाच्या मांडवात बँड दणाणत असेल तर शेजारी बसलेल्याचं मोठ्यानं बोलणंही कळत नाही, आणि पहाटेच्या शांततेत अंगणापलीकडची कुजबुज कळते. तसंच हे आहे. याचा थेट परिणाम वेगावर होतो. एसआयएनआर वीस डेसिबलच्या वर असला तर टॉवर एकेका संकेतात सहा ते आठ बिट भरून पाठवू शकतो. तो शून्याच्या आसपास आला की दोनच बिट मावतात, आणि त्यांतलाही मोठा वाटा चुका दुरुस्त करण्यात खर्च होतो.

तिसरा आकडा आरएसआरक्यू. फोनला त्या पट्ट्यात एकूण जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या तुलनेत आपल्या टॉवरचा वाटा किती, हे त्यावरून समजतं. त्यामुळे गर्दीचा सुगावा यातून लागतो. एकाच अँटेनाचा साधा हिशेब केला, तर कोणीही वापरत नसलेल्या सेलमध्ये हा आकडा उणे ३ च्या जवळ येतो आणि पूर्ण भरलेल्या सेलमध्ये उणे ११ च्या जवळ जातो, शेजारच्या टॉवरचा हस्तक्षेप अजिबात नसला तरी. म्हणून एकाच खिडकीत, एकाच फोनवर पहाटे चारला आणि रात्री नऊला मोजलं, तर आरएसआरपी जवळपास तेवढाच राहून आरएसआरक्यू घसरलेला दिसू शकतो. टॉवर हलला नाही, भिंत जाड झाली नाही, माणसं वाढली. हे आकडे फोन स्वतःसाठी सतत मोजतच असतो, कारण कोणत्या टॉवरला चिकटायचं हे त्याला ठरवायचं असतं. नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपरसारखी अॅप्स अँड्रॉइडकडून हे आकडे घेऊन पडद्यावर मांडतात. आयफोन बाहेरच्या अॅपना ते देत नाही. तिथे *३००१#१२३४५#* हा क्रमांक फिरवून फील्ड टेस्टचा पडदा उघडावा लागतो.

आता तीन कारणं पाहू. आरएसआरपी उणे ११५, पण एसआयएनआर बरा, तर टॉवर लांब आहे किंवा मध्ये काँक्रीट आहे. तिथे नवा टॉवर किंवा इमारतीच्या आत अँटेना हा उपाय योग्य. आरएसआरपी उणे ७५, पण एसआयएनआर शून्याखाली, तर तीनचार टॉवर एकाच जागेवर तुल्यबळ लहरी ओतत आहेत. तिथे आणखी एक टॉवर उभारला तर गोंधळ वाढतो. असलेल्यांपैकी एखाद्याची अँटेना खाली झुकवणं हा खरा उपाय. घाटमाथ्यावरच्या टॉवरची लहर खालच्या खोऱ्यांत लांबवर पोहोचून तिथल्या टॉवरांशी भांडते, तेव्हा नेमकं हेच होतं. दोन्ही आकडे चांगले आणि तरी वेग नाही, तर अडचण बहुधा रेडिओत नसून गर्दीत किंवा टॉवरमागच्या फायबरमध्ये आहे. कंपन्यांचे अभियंते टेम्स किंवा नेमोसारखी साधनं गाडीत ठेवून ड्राइव्ह टेस्ट करतात, ती हेच वेगळं काढायला. त्यांच्या नकाशावर प्रत्येक ठिपक्यासोबत पीसीआय हा त्या सेक्टरचा, म्हणजे टॉवरच्या एका दिशेला तोंड असलेल्या भागाचा, क्रमांकही नोंदलेला असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या सेक्टरचा क्रमांक दक्षिणेच्या रस्त्यावर आणि दक्षिणेचा उत्तरेला दिसला, की टॉवरवर केबली अदलाबदल होऊन लागल्या आहेत हे रस्त्यावरूनच कळतं. कांड्या मात्र दोन्ही रस्त्यांवर भरलेल्याच असू शकतात.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: फोन हे प्रयोगशाळेतलं उपकरण नव्हे. फोर-जीच्या मानकातच आरएसआरपीच्या मोजणीत नेहमीच्या परिस्थितीत सहा डेसिबलची चूक इकडे-तिकडे मान्य केलेली आहे. त्यामुळे तुमच्या फोनवर उणे १०४ आणि शेजाऱ्याच्या फोनवर उणे १०० दिसलं, तर त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. पण निदानासाठी लागणारे फरक वीस-तीस डेसिबलचे असतात, आणि एकच फोन वापरून दोन जागा किंवा दोन वेळा ताडून पाहिल्या तर त्या फोनची चूक दोन्हीकडे जवळपास सारखीच असते. दुसरा आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशाला, स्पीड टेस्ट पुरे. स्पीड टेस्ट परिणाम सांगते, कारण सांगत नाही: वेग कमी येण्यात गर्दी, सर्व्हर, तुमचा प्लॅन आणि रेडिओ हे सगळे एकत्र मिसळलेले असतात. शिवाय लोकांनी केलेल्या चाचण्या गोळा करून काढलेल्या सरासरीत एक मूळचाच दोष आहे. जिथे सिग्नलच नाही तिथली चाचणी पुरी होत नाही, म्हणून सर्वांत वाईट जागा हिशेबातून आपोआप गळतात.

तिसरा आक्षेप व्यवस्थेकडे बोट दाखवतो: हे काम ग्राहकाचं की नियामकाचं? ट्राय नेमलेल्या संस्थांकडून शहरांत आणि महामार्गांवर ड्राइव्ह टेस्ट करून घेते, अहवाल प्रसिद्ध करते; ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशेही संकेतस्थळावर द्यावे लागतात. हे आवश्यकच आहे. पण असे नकाशे सहसा गणिती अंदाजातून रंगवले जातात, आणि अंदाज किती फसू शकतो याचा दाखला अमेरिकेत मिळाला. ग्रामीण भागात फोर-जी नेण्यासाठी सुमारे साडेचार अब्ज डॉलर कुठे द्यायचे, हे तिथला नियामक कंपन्यांच्या नकाशांवरून ठरवणार होता. त्याच्याच कर्मचाऱ्यांनी १२ राज्यांत सुमारे १० हजार मैल फिरून मोजलं. डिसेंबर २०१९ च्या अहवालानुसार, गाडीतून केलेल्या चाचण्यांपैकी ६२.३ टक्क्यांतच नकाशांनी गृहीत धरलेला किमान वेग मिळाला. नकाशा खोडायला प्रत्यक्ष मोजमाप लागलं. मात्र ड्राइव्ह टेस्ट रस्त्यावरून होते. तुमच्या चाळीतल्या मागच्या खोलीत किंवा वाडीवरच्या शाळेत कोणतीही गाडी शिरत नाही. तिथली नोंद तिथे राहणाराच करू शकतो.

म्हणून तक्रार करताना ‘रेंज नाही’ एवढं लिहून थांबू नये. जागा, तारीख, वेळ, फोन कोणता, पीसीआय, आणि आरएसआरपी, आरएसआरक्यू, एसआयएनआर हे तीन आकडे सकाळी, दुपारी आणि रात्री नोंदवून पडद्याच्या चित्रांसह पाठवावेत. शेजारच्या दोन घरांनी आपापली नोंद जोडली तर आणखी उत्तम. अशा तक्रारीला ‘आमच्या बाजूनं सर्व ठीक आहे’ हे ठरावीक उत्तर देणं अवघड जातं. ग्रामसभेत ‘टॉवर हवा’ असा ठराव करण्याआधीही ही नोंद समोर असावी. कदाचित गावाला टॉवर नव्हे, असलेल्या टॉवरला चांगलं फायबर हवं असेल. पुढच्या आठवड्यात याच डीबीएमच्या हिशेबानं टॉवरच्या लहरींची सुरक्षामर्यादा तपासू.