मावला येथील शेतकरी आणि संगणकाची साधने

पैनगंगा ही महाराष्ट्र व तेलंगणा यांची सरहद्द आहे. मराठी भाषा मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर बोलली जाते. १९५६ साली राज्य पुनर्रचनेच्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला व २०१४ पासून तो तेलंगणात आहे. आदिलाबाद शहराला लागून असलेले मावला हे गाव २०१६ साली मंडलाचे ठिकाण झाले. या भागातील प्रमुख पीक कापूस हे होय.

समजा, मावला येथील एका मराठी भाषक शेतकऱ्याने मोबाईलवर विचारले, "माझ्या सव्वादोन एकरांची नोंद बरोबर आहे का, आणि कापसाला भाव काय?" अशा प्रश्नांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे साहाय्यक आता उपलब्ध होत आहेत. केंद्र शासनाने २०२३ साली पीएम-किसान योजनेकरिता 'किसान ई-मित्र' सुरू केला; महाराष्ट्राच्या कृषी विभागाने २०२५ साली 'महाविस्तार' हे अ‍ॅप आणले. यापुढील पायरी म्हणजे स्वतः निरनिराळी साधने वापरून काम करणारा साहाय्यक. त्यास 'एजंट' असे म्हणतात. खेड्यात हा शब्द ऐकताच विमा एजंट आठवतो, पण येथे दलालीचा संबंध नाही.

एजंटला आजचा भाव पाठ नसतो. बाजारभाव, जमिनीच्या नोंदी, हवामान यांसाठी त्याला वेगवेगळी साधने जोडून दिलेली असतात. प्रत्येक साधनाबरोबर त्याचे नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात पुरवावयाची याचा तपशील लेखी द्यावा लागतो. अँथ्रॉपिक या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या पद्धतीतही हीच मांडणी आहे. साधनाच्या आत काय चालते ते एजंटला दिसत नाही. वर्णनात जेवढे लिहिले असेल त्यावरूनच तो निवड करतो.

आता वर्णनात "जमिनीची नोंद दाखवते" एवढेच असेल तर काय होईल? साधन महाराष्ट्राच्या सातबाऱ्याचे असले तरी एजंट त्यात मावला शोधू लागेल आणि कदाचित पुणे जिल्ह्यातील मावळशी त्याची गल्लत करील. त्याऐवजी असे लिहावे: "हे साधन महाराष्ट्रातील गावांचा सातबारा उतारा दाखवते. जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक आवश्यक. तेलंगणातील गावांसाठी वापरू नये. त्या नोंदी भूभारती प्रणालीत असतात. गाव न सापडल्यास सारख्या नावाचे दुसरे गाव गृहीत धरू नये, शेतकऱ्यास विचारावे." भूभारती ही प्रणाली एप्रिल २०२५ मध्ये 'धरणी'च्या जागी आली, म्हणून जुने वर्णन तपासून बदलणेही आवश्यक ठरते.

मापाचा प्रश्न याहून नाजूक आहे. तेलंगणात जमीन एकर व गुंठ्यांत मोजतात आणि ४० गुंठ्यांचा एकर होतो. तेथील कागदावर २.१० असे लिहिले असल्यास त्याचा अर्थ २ एकर १० गुंठे, म्हणजे सव्वादोन एकर. सातबाऱ्यावर हाच आकडा २ हेक्टर १० आर दर्शवितो. ते क्षेत्र पाच एकरांहून अधिक भरते. यंत्राने तो निव्वळ दशांश समजून वाचला, तर २ एकर ४ गुंठे होतात आणि शेतकऱ्याचे सहा गुंठे नाहीसे होतात. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'रैतू भरोसा' योजनेच्या हंगामी एकरी ६,००० रुपये या दराने हा फरक ९०० रुपयांचा आहे. तेव्हा "क्षेत्र" हा एकच शब्द पुरेसा नाही. "एकर आणि गुंठे स्वतंत्र रकान्यांत द्यावेत, दशांशात देऊ नयेत" असे स्पष्ट लिहावयास हवे.

भावाबाबतही तेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. बाजार समितीतील प्रत्यक्ष व्यवहाराचा भाव निराळा असतो, आणि ओलावा ८ टक्क्यांहून अधिक असल्यास हमीभावाच्या खरेदीतही कपात होते. साधन यांपैकी कोणता भाव देते, कोणत्या तारखेचा देते, त्या दिवसाची नोंद नसल्यास काय कळविते, हे वर्णनात आले पाहिजे. "भाव सांगते" व "कापसाची माहिती देते" अशी दोन मोघम साधने शेजारी ठेवल्यास एजंट कोणते उचलील याचा भरवसा नाही.

हे लेखन संगणक तज्ज्ञांवर सोपवून भागत नाही. गुंठा व आर यांतील घोटाळा महसूल कर्मचाऱ्यास ठाऊक असतो. शेतकरी कोणत्या शब्दांत विचारतो हे कृषी सहायक व शिक्षक जाणतात. मावला येथील माणूस मराठीत बोलतानाही 'सातबारा' म्हणेलच असे नाही. तो 'पट्टा' किंवा 'पासबुक' म्हणेल, आणि ते शब्द वर्णनात असावयास हवेत. वर्णन लिहून झाल्यावर गावकऱ्यांनीच विचारलेले वीस-पंचवीस प्रश्न एजंटपुढे ठेवावेत, त्याने प्रत्येक वेळी कोणते साधन निवडले ते टिपून घ्यावे, आणि जेथे निवड चुकली तेथे आधी वर्णनातील वाक्य तपासावे.