महाराजांची 'सही' विकत घेण्याआधी

समजा, डोंबिवलीत कुणी जुना मोडी कागद पुढे करून 'शिवरायांची सही' म्हणाला, तर जाणकार सही शोधतच नाही. त्या काळी पत्र कारकून लिहायचा; अधिकार दिसायचा तो शिक्क्यातून. वर मुख्य मुद्रा, मजकूर संपल्यावर 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मोर्तब, म्हणजे पुढे कुणी ओळ घुसडायला नको. लफ्फेदार सही असलेला कागद म्हणूनच आधी संशयित!

मग तारीख. कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली 1657 मध्ये. त्या वर्षीच्या म्हणवणाऱ्या पत्रावर राज्याभिषेक शक असेल, तर विषय संपला. तो शक सुरूच झाला 1674 ला.

पुढची तपासणी भिंगाखाली. कागद आधी घडी घालून जुना केला आणि मग त्यावर लिहिलं, तर शाई घडीच्या चिरेत पसरते. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागदही सगळीकडे सारखाच तपकिरी दिसतो. खरं म्हातारपण इतकं नीटनेटकं नसतं.

खरं हस्ताक्षर मिळतंच नाही असं नाही. संभाजी महाराजांच्या 1680 च्या संस्कृत दानपत्रावर त्यांच्या हातच्या संमतीच्या ओळी आहेत. अशा कागदाची किंमत कशी लावणार?

सयाजीराव गायकवाडांसारख्या अलीकडच्या राजांच्या सह्यांचं गणित सोपं: नुसत्या सहीपेक्षा सहीचं पत्र महाग, त्यात मजकूर महत्त्वाचा असेल तर आणखी. मात्र 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 75 वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.