फेब्रुवारीत भुंगेरा झोपलेला असतो

तारीख ठरवायच्या बैठकीत मी ‘जूनचा पहिला आठवडा’ म्हणालो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कीटकशास्त्राची विभागीय परिषद, दोन दिवसांची. चार-पाच जिल्ह्यांतले प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी, कृषी खात्यातली माणसं, आणि जमलंच तर शेतकरी. जूनमध्ये कॉलेजला सुट्टी, मग प्रवेशाची झुंबड, आणि पाऊस आला तर सभागृहाचं छत गळणार. मुख्य अडचण वेगळीच होती. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता.

“सर, तुमचे किडे मार्चएंड पाळत नाहीत का?” हिशेब बघणाऱ्या बाईंनी विचारलं. त्या गंभीरपणे विचारत होत्या.

नाही पाळत. माझं गाव लासुर्णे, बारामती-इंदापूर रस्त्यावरचं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस, अलीकडे गाईंच्या मुरघासासाठी मका. पाऊण तासाच्या रस्त्यावर दोन-दोन साखर कारखान्यांची धुराडी. अशा गावात कीटकशास्त्र पुस्तकातून शिकावं लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात उसाचं बेट पिवळं पडतं. वडील माणूस ते हातानं हलवतो आणि अख्खं बेट मुळा नसल्यासारखं उपटून हातात येतं. खाली इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची, जाडजूड पांढरी अळी. हुमणी. तेव्हा औषध ओतून फारसा उपयोग नसतो, कारण अळी मोठी झालेली असते आणि मुळं खाऊन संपलेली असतात. खरं काम उरकायचं असतं तीन महिने आधी. वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, दिवेलागणीला, जमिनीतून हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात, पाला खातात, जोड्या लावतात आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरतात. एकेक मादी मातीत सुटी सुटी पन्नास-साठ अंडी घालते. म्हणून म्हटलं, परिषद जूनमध्ये.

परिषद फेब्रुवारीत ठरली.

नंतर मला यात एक गंमत सापडली. इंग्रज सरकारचे कीटकशास्त्रज्ञ टी. बेनब्रिज फ्लेचर बिहारमधल्या पुसा इथे देशभरच्या कीटक अभ्यासकांना बोलवायचे. १९१७, १९१९, १९२१, १९२३ अशा दर दोन वर्षांनी झालेल्या त्या सभांचे जाडजूड अहवाल आजही जुन्या ग्रंथालयांत सापडतात. चारही सभा फेब्रुवारीतल्या. साहेबाला थंडी मानवत असणार. आम्ही मार्चएंडमुळे तिथंच येऊन पोहोचलो. भुंगेऱ्याला विचारलं कुणीच नाही.

परिषद भरवणं म्हणजे नव्वद टक्के टपालकाम. सारांश मागवायची मुदत आम्ही १० जानेवारी ठेवली. मग २० केली, मग ‘विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव’ ३०. विद्यार्थ्यांनी आग्रह वगैरे काही केला नव्हता. तोवर सारांशच फार आले नव्हते. शेवटच्या रात्री बारा वाजेपर्यंत येतच राहिले. वाचायला बसलो तर दर तिसरा मक्यावरच्या लष्करी अळीवर. ते साहजिकच होतं. ही अळी भारतात २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यावर उतरली. डोक्यावर उलटा ‘वाय’, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, हे आता आमच्याकडच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. पण तिचं नाव, स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, मला अकरा प्रकारे लिहिलेलं मिळालं. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, पुढचं नाव लहान अक्षरात आणि दोन्ही तिरप्या टायपात, हा नियम पाळलेले सारांश मी वेगळ्या फायलीत ठेवत गेलो. फाईल पातळच राहिली.

फ्लेक्सची कथा मात्र सांगितलीच पाहिजे. बारामतीहून छापून आला त्यावर ‘किटकशास्त्र’ होतं, पहिली वेलांटी. मराठीच्या मॅडम दारातूनच ओरडल्या. बरं, मजकुरावर एक भलंमोठं केशरी फुलपाखरू. जवळ जाऊन पाहिलं तर मोनार्क, अमेरिकेतलं. आपल्याकडे त्याच्यासारखीच केशरी फुलपाखरं रुईवर ढिगानं असतात, पण छापणाऱ्याला संगणकात पहिलं हेच दिसलं. कुणी म्हणालं, राज्य फुलपाखरू टाका. ब्लू मॉर्मनला २०१५ साली तो मान मिळाला आहे, दिसतंही सुंदर. त्यावर माझा एक सहकारी म्हणाला, “ते सह्याद्रीच्या पावसातलं. इंदापूरच्या परिषदेवर काय शोभेल?” मी हुमणीचं चित्र सुचवलं. प्राचार्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. अखेर वेलांटी दुसरी झाली आणि फुलपाखरू तसंच राहिलं.

पहिल्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांची ओळख पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांब. दहा मिनिटांच्या सादरीकरणात आठ मिनिटं प्रस्तावना, मग घंटी, मग निष्कर्षाच्या पाच पाट्या वीस सेकंदांत. जेवणात मटकीची उसळ चांगली होती. भित्तिपत्रकांपाशी मात्र मी रेंगाळलो, कारण तिथं मुलं खरं बोलतात. व्यासपीठावर ‘नमुने गोळा करण्यात आले’ म्हणणारी मुलगी तिथं सांगते की पावसात दोन रात्री पंक्चर गाडी ढकलत आणली आणि निम्म्या बाटल्यांना बुरशी लागली.

दुपारच्या चहाला एक प्रसंग घडला. उसावरच्या लोकरी माव्याबद्दल एक संशोधक बोलून आले होते. २००२ च्या पावसाळ्यात हा मावा पश्चिम महाराष्ट्राच्या उसावर आला तेव्हा पानांच्या खालच्या बाजूला कापूस पिंजून चिकटवल्यासारखं दिसायचं. खाली गळणाऱ्या चिकट्यावर काळी बुरशी चढून फड काळे पडले होते. फवारणी करून लोक थकले. उपयोगी पडले ते मित्रकीटक. माव्यातच राहून मावा खाणारी डिफाची अळी, आणि मायक्रोमस. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, शेतकरी म्हणून निमंत्रित होते. कप हातात घेऊन ते संशोधकांना म्हणाले, “तुमी ज्याला डिफा म्हनता, ते आमचं कोनोबाथ्राच ना?”

संशोधक क्षणभर गप्प झाले. कोनोबाथ्रा हे त्याच कीटकाचं आधी वापरात असलेलं नाव. त्या काळात कृषी खात्याच्या पत्रकांत हेच छापून आलं होतं. शास्त्रज्ञांनी पुढं नाव बदललं, पण ते बदलल्याचं शेतात कुणी सांगितलं नाही. तात्यांनी तेव्हा शेजारच्या गावातून त्या अळ्या असलेल्या पानांचे तुकडे कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, सायकलवर आणले होते. आपल्या फडात पानापानाला टाचून ठेवले होते. “फवारा मारू नका म्हनून गावभर सांगत फिरलो. येडा झाला म्हनायचे.” हे ऐकायला चहाच्या टेबलाभोवती सभागृहापेक्षा जास्त माणसं जमली. सत्राध्यक्ष घंटी वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी क्षेत्रभेट. दोन गाड्या भरून मंडळी लासुर्ण्याला आणली. वाटेत बेलवाडी लागते. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं ते गाव. पालखी मार्ग रुंद झाल्यापासून गाडी सुसाट जाते, पण लहानपणी भुंगेरे ज्यांवरून पाडले ते रस्त्याकडेचे जुने कडुनिंब आता नाहीत. गाडीतल्या पुणेकर पाहुण्यांना रस्ता फार आवडला.

विहिरीकडच्या शेतात ऊस नुकताच तुटून गेला होता. तात्यांनी कुदळ घेतली. पाहुणे पांढऱ्या टोप्या घालून सरीभोवती उभे. “आत्ता कुठं गावायचं ते,” तात्या खणता खणता म्हणाले. “लई खाली जाऊन झोपलंय. रोहिनीत यायचं व्हतं.” हात-सव्वा हात खाली गेल्यावर ढेकळाचा एक तुकडा त्यांनी बोटांनी अलगद फोडला. आत मातीची गुळगुळीत खोली, सुपारीएवढी. तिच्यात तपकिरी, चकचकीत, पाय पोटाशी घेतलेला भुंगेरा. पूर्ण वाढलेला, पंख तयार, सगळं तयार. होलोट्रिकिया सेराटा. हिवाळ्यात कोषातून भुंगेरा झाला तरी तो बाहेर येत नाही, वळवाच्या पावसाची वाट पाहत तिथंच पडून राहतो. आमचे पाहुणे त्याचे फोटो घेत होते आणि तो हलतसुद्धा नव्हता. एका विद्यार्थिनीनं त्याच्यावर श्वास सोडला. एक पाय किंचित ताणला, पुन्हा आत घेतला.

उकिरड्यावर वेगळाच प्रकार झाला. शेणखतात बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. तात्या म्हणाले, ही बघा हुमणी, खतातून शेतात येती, दिसली की आम्ही ठेचतो. राहुरीला शिकलेल्या एका तरुण कृषी सहायकानं दोन अळ्या उचलल्या आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या. अळीनं अंग उलटं केलं, पाय आभाळाकडे केले आणि पाठीवर सरपटत निघाली. सगळे हसले. तो म्हणाला, हुमणी अशी चालत नाही. पाठीवर चालते ती फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांची अळी. ती कुजलेलं खाते, खत करते, मुळाला तोंड लावत नाही. पक्की ओळख भिंगाखाली, शेपटीच्या टोकाखालच्या केसांच्या मांडणीवरून, पण शेतात हेही पुरतं. तात्या बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही अळ्या उचलून परत खतात टाकल्या आणि वरून खत लोटलं. गेल्या चाळीस वर्षांत किती ठेचल्या असतील हे ते बोलले नाहीत.

समारोपात प्रमाणपत्रं वाटली. एका नावात चूक निघाली, ती माझ्याच. निधीचा विनियोग २९ मार्चला पूर्ण झाला, आणि हिशेबाच्या बाईंनी मला पेढा दिला.

रोहिणी २५ मेच्या सुमाराला लागतात, मृग ७-८ जूनला. त्या वर्षी रोहिणी कोरड्याच चालल्या होत्या. परिषदेचा व्हॉट्सॲप गट तोवर शुभेच्छांपुरता उरला होता. एका दुपारी इंदापूरकडून आभाळ काळं होत आलं, गारा नाहीत, पण सऱ्या भरल्या. मी गटावर एकच शब्द टाकला, ‘पडला’. तासाभरात चार जणांचे फोन आले. त्यांत तो कृषी सहायक होता आणि भुंगेऱ्यावर श्वास सोडणारी मुलगी.

सव्वासातला विहिरीकडच्या कडुनिंबाखाली आम्ही सहा माणसं. पावसाबरोबर लाइट गेलेली. खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून, रॉकेल घातलेलं पाणी ओतून, वर बल्ब टांगून तयार केलेला प्रकाशसापळा अंधारात लटकत होता. तात्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी आकडी आणली. आधी काहीच नाही. मग जमिनीलगत गुणगुण सुरू झाली, एका बाजूनं, मग चारी बाजूंनी, आणि कुणीतरी म्हणालं, “सर, माझ्या केसात.” मोबाइलच्या उजेडात पाला हलताना दिसत होता. वारा नव्हता. पानांना धरून बसलेल्या माद्या आणि त्यांच्या खाली लोंबकळणारे नर. तात्यांनी फांदीला आकडी घालून हिसडा दिला की खाली ताडपत्रीवर वळवाच्या थेंबांसारखा आवाज. भराभर वेचायचे आणि रॉकेलच्या बादलीत टाकायचे. मोजायचं ठरलं होतं, ते पहिल्या बादलीतच सुटलं.

“एकट्यानं करून भागत न्हाई,” तात्या म्हणाले. “शेजारच्या बांधावरचं तसंच राहिलं तर उद्या हितंच.” शेजारी बॅटऱ्या हलत होत्या, पण दोनच ठिकाणी. ज्या वर्षी काही साखर कारखान्यांनी भुंगेरे किलोवर विकत घेतले होते, त्या वर्षी गावंच्या गावं रात्री झाडाखाली असायची.

साडेनऊला आम्ही विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. मुलीनं पाच भुंगेरे रॉकेलमधून वाचवून वेगळ्या डबीत ठेवले होते. त्यांतला एक तिनं तिथंच टाचला. भुंगेऱ्याला टाचणी मधोमध मारत नाहीत, उजव्या पंखाच्या कवचातून मारतात. मग बोटाच्या पेराएवढ्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहायला लागली. लासुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे. कडुनिंबावर. तारीख. ‘संग्राहक’पाशी थांबून तिनं विचारलं, कुणाचं नाव?

“आकडी कुणी मारली?” कृषी सहायक म्हणाला.

तिनं तात्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं. तात्यांनी ते सांगितलं, चष्मा शोधला, चिठ्ठी मोबाइलच्या उजेडात लांब धरून वाचली.

“शेताचं बी लिव की,” ते म्हणाले. “गावात काय, पन्नास कडुनिंब हायती. विहिरीकडचं म्हन.”

चिठ्ठीवर जागा उरली नव्हती. तिनं ती उलटी केली.